बोअरच्या गाडीवरचे मास्तर

मास्तरांना कुणी ‘दुभाषी’ म्हटलेलं मुळीच खपत नसे.

“दोन जिभांचं जनावर म्हनल्यासारखं वाटतंय,” ते म्हणायचे. “मी मास्तर हाय. आधी पोरांना पाढे शिकवलो, आता ह्या माणसाला तो माणूस शिकवितो. धंदा तोच हाय.”

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आष्टीच्या जुन्या जिनिंगच्या शेडसमोर, भर एप्रिलच्या उन्हात, काळी शेरवानी घालून उभे होते. वरपासून खालपर्यंत सगळ्या गुंड्या लावलेल्या. कपाळावर घामाचा थेंब नाही. निजामाच्या राज्यात ते उर्दू शाळेवर शिकवत आणि ती शेरवानी त्या नोकरीची होती. राज्य गेलं, उर्दू शाळेची मराठी शाळा झाली, मास्तर निवृत्त होऊन नेकनूरला घरी बसले, तरी बाहेर कामाला निघायचं तर अंगावर शेरवानी हवीच. घरची मराठी, शाळेची उर्दू, थोडी फारसी, आणि इंग्रजी ते एकट्यानं पुस्तकातून शिकलेले. त्यामुळे इंग्रजी बोलताना प्रत्येक पूर्णविरामाला ते खरोखरच थांबत.

बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. बाहेरदेशच्या एका मदतसंस्थेनं आमच्या भागासाठी बोअर पाडायची गाडी पाठवली होती आणि तिच्याबरोबर हॉलंडचा एक इंजिनिअर. नाव हेंक. लोकांनी त्याचं दोन आठवड्यांत ‘अंकुश’ केलं. एका गावानं तर सत्काराच्या फलकावर ‘श्री. अंकुशराव हॉलंडकर यांचे सहर्ष स्वागत’ असं रंगवलं होतं. उंच, लालबुंद, गुडघ्यापर्यंत चड्डी घातलेला माणूस. मनात येईल ते तोंडानं सरळ बोलून मोकळा व्हायचा. संस्थेची एक अट होती: ज्या गावात पाणी लागेल, त्या गावानं हातपंप सांभाळायला पाणी सोसायटी काढायची. सोसायटी हा शब्द आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. सोसायटी म्हणजे चेअरमन, आणि त्या पट्ट्यात चेअरमन म्हणजे अण्णा. खताची सोसायटी त्यांची, दुधाची त्यांची, बाजारपेठेतले निम्मे गाळे त्यांचे. माझ्या बाबांचं शिंप्याचं दुकानही त्यांच्याच गाळ्यात होतं.

त्या जिनिंगच्या शेडमध्येच संस्थेचं ऑफिस होतं आणि मी तिथं टायपिस्ट होते. वय एकवीस. नगरला मावशीकडे राहून टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून आले होते, आणि आष्टीत ऑफिसात जाणारी मी पहिलीच मुलगी होते.

मास्तरांच्या आधी हेंकसाहेबांकडे कॉलेजात शिकलेले दोन तरुण भाषांतराला होते. दोघांचं इंग्रजी फाडफाड. पण साहेब विचारायचे, “शुक्रवारपर्यंत गाडीसाठी रस्ता करून ठेवाल का?” गावकरी म्हणायचे, “व्हईल की!” पोरगा सांगायचा, “यस सर.” शुक्रवारी गाडी जायची आणि पहिल्याच नाल्यात रुतायची. असं तीन गावांत झालं. साहेबांनी आपल्या देशाला पत्र लिहायला सांगितलं, ते मीच टाइप केलं. त्यात एक वाक्य होतं की इथले लोक प्रेमळ आहेत, पण खोटं बोलतात. ते वाक्य टाइप करताना मला फार लागलं होतं.

मग कुणीतरी नेकनूरचं नाव सांगितलं आणि मास्तर आले.

पहिल्याच दिवशी अण्णा ऑफिसात बसलेले. साहेबांनी मास्तरांची परीक्षा म्हणून अण्णांनाच विचारायला लावलं: पुढच्या गावाचा रस्ता सोमवारपर्यंत होईल का?

अण्णा ऐसपैस हसले. “व्हईल की साहेब. तुमी कावून काळजी करता?”

मास्तर साहेबांकडे वळले आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाले, “ते नाही म्हणतात.”

‘नो’ एवढा शब्द अण्णांना कळत होता. “ओ मास्तर! म्या न्हाई कवा म्हनलो?”

“अण्णा, रस्त्याला माणसं लावली का?”

“लावू की.”

“कवा?”

“बगू. सोमवार लांब हाय अजून.”

“आज शनिवार हाय,” मास्तर म्हणाले. मग साहेबांना सांगितलं, “सर, ‘होईल’ म्हणजे ‘तुमचं मन मोडायची माझी इच्छा नाही.’ होणार असेल तर आमचा माणूस ‘झालं म्हणून समजा’ म्हणत नाही, तो कोण, कुठं, किती कुदळी ते सांगत बसतो.”

साहेबांनी टेबलावर हात आपटून मास्तरांना नोकरीवर घेतलं. त्या संध्याकाळी मला दुसरं पत्र टाइप करायला मिळालं. आधीच्या पत्रातलं एक वाक्य मी परत घेतो, असं त्यात होतं.

मास्तरांच्या काही रीती होत्या आणि त्या मोडायची कुणाची छाती नव्हती. तोंडात पान किंवा तंबाखू असलेल्या माणसाचं ते भाषांतर करत नसत. “आधी थुंकून या. निम्मा शब्द गालातच ऱ्हातोय तुमचा.” भाषांतर करताना डोळे मिटत. बोलणारा चिडलेला असला तर तेही चिडत, रडवेला असला तर त्यांचाही आवाज कापे. एकदा साहेब ड्रायव्हरवर रागावले, तर मास्तर ड्रायव्हरवर इतके ओरडले की साहेबच घाबरून म्हणाले, मी एवढा रागावलो नव्हतो. “सर, तुमच्या भाषेत एवढाच राग होता,” मास्तर म्हणाले, “पण ह्याच्यावर इतक्या हळू आवाजात कुणी रागावलं तर त्याला तो लाड वाटतो.”

शिव्यांचं मात्र भाषांतर नाही. शिवी आली की ते बोट वर करून थांबत आणि दोन्हीकडच्या लोकांना कळे की इथं एक शिवी होऊन गेली.

आभारांचं प्रकरण तर मला आजही आठवून हसू येतं. हेंकसाहेब पाना दिला की थँक्यू, पाणी दिलं की थँक्यू, बाजूला सरकलं की थँक्यू. गाडीवर काम करणारा आमचा फिटर एके दिवशी रडकुंडीला येऊन मास्तरांकडे आला.

“मास्तर, साहेब मला कामावरून काढतोय काय?”

“कावून बे?”

“सकाळधरनं पंधरा डाव थँक्यू म्हनला. आपल्यात तर निरोपाच्या वक्ताला म्हनत्यात तसलं.”

मास्तरांनी त्याला खाली बसवलं. “त्यांच्या देशात पोरगं आईला बी थँक्यू म्हनतं.”

“आईला? मंग ती रागवत न्हाई का?”

“तीबी त्याला थँक्यू म्हनते.”

फिटर बराच वेळ विचार करत बसला आणि “लई अवघड हाय मास्तर” म्हणून निघून गेला. मग मास्तरांनी साहेबांना सांगितलं की आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानले तर तो परका झाला असं वाटतं. दुसऱ्या दिवसापासून साहेब फिटरला काही बोलेनात, नुसते खांद्यावर थाप मारत. फिटर खूश.

वेळेचंही तसंच. साहेब दहाची मीटिंग ठेवायचे, लोक बाराला यायचे, साहेब दोन तास घड्याळाकडे बघून लाल व्हायचे. मास्तर म्हणाले, “सर, दहा कुणाच्या घरात वाजतात? बाया पाण्याहून आल्या, जेवणं झाली की सगळे मोकळे असतात. ‘जेवणं झाल्यावर’ असं सांगा.” तसं सांगितलं आणि सगळं गाव झाडून हजर. साहेबांनी आपल्या वहीत ‘जेवणं झाल्यावर’ हे मराठीतच, वेड्यावाकड्या अक्षरात लिहून घेतलं.

एका घरी जेवायला बसलो होतो. त्या दुष्काळातही माउलीनं पिठलं-भाकरी आणि ठेचा केला होता. तिनं विचारलं, आवडलं का? साहेब म्हणाले, “नाही. फार तिखट आहे.” मास्तरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “माय, साहेबांच्या मुलखात मिरची पिकत न्हाई. जीभ कोवळी हाय त्यांची. सोसवंना.” बाई हळहळली, धावत आत गेली आणि वाटीभर ताक घेऊन आली. साहेबांनी विचारलं, मी तर चार शब्द बोललो, तुम्ही इतके कसे बोललात? मास्तर म्हणाले, “सर, तुमच्या चार शब्दांत ती रडली असती. माझ्या बोलण्यात एक अक्षर खोटं नाही आणि तुम्हाला ताकही मिळालं.”

माझ्यावर मास्तरांचा एक उपकार आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

जीपमधून साहेबाबरोबर गावोगाव फिरते म्हणून भावकीत बोलणं सुरू झालं होतं. एके दुपारी बाबा ऑफिसात आले. खांद्यावर मोजायची टेप तशीच. साहेब बाहेर गेलेले. बाबांनी आवाज न चढवता सांगितलं, “उद्यापासनं घरी बस. लोक लई बोलायलेत. चालंल ना?”

मी म्हणाले, “हो.”

कोपऱ्यात मास्तर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, “शिंपीदादा, लेक न्हाई म्हनतीया.”

बाबा चपापले. “मास्तर, म्या ऐकलं की. हो म्हनली ती.”

“तोंडानं हो म्हनली. हात बघा.”

मी पाहिलं तर माझ्या दोन्ही हातांनी टाइपरायटर घट्ट धरून ठेवला होता, कुणी उचलून नेत असल्यासारखा. बाबा त्या हातांकडे बघत राहिले. मग विचारलं, “जीपमधी तुमी असता का रोज?”

“रोज.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि गेले. घरी तो विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी, पावसाळा कोरडाच चालला असताना, वाडीचं प्रकरण झालं.

आष्टीपासून पंधरा मैलांवरची ती वाडी. अण्णांचं मूळ गाव तेच. गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या. ओढ्याच्या वाळूत एक झिरा उकरलेला होता, त्यातून बाया वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत. ओढ्यापलीकडे दलित वस्ती होती. त्या बायांना गावच्या विहिरीवर चढू देत नसत, कधीच दिलं नव्हतं. कायदा काहीही म्हणो, वाडीत ते तसंच होतं.

पाण्याच्या तपासणीत सगळ्यात चांगली जागा निघाली ती देवळाच्या पारापाशी, अण्णांच्या वाड्यासमोर. साहेबांनी सभा बोलावली. जेवणं झाल्यावर. अण्णांनी लोकांना विचारलं, सगळे हो म्हणाले. साहेबांची रीत अशी की वस्तीवरच्या लोकांनाही वेगळं विचारायचं. वस्तीवरच्या बाया लांब, भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. त्यांच्यातल्या गयाबाई नावाच्या मध्यम वयाच्या बाईला साहेबांनी विचारायला लावलं: इथं पंप बसवला तर तुम्ही इथून पाणी घ्याल का?

गयाबाईंनी पदर पुढं ओढला. “हो. घेऊ की पानी.”

मी शॉर्टहँडमध्ये लिहिलं. मास्तरांनी डोळे मिटले, ते नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेलेच राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, “ही बाई म्हणते, इथून तिला कधीही पाणी मिळणार नाही.”

साहेबांनी त्या जागेचा बेत तिथंच थांबवला. कारण कळलं तेव्हा अण्णा पेटले. भर सभेत ते मास्तरांवर आले. “बाई हो म्हनली, शंभर मानसांनी ऐकलं! तुमी तिच्या तोंडात शब्द घालता? आमच्या गावाची अब्रू काढता?”

“अण्णा, म्या शब्द घातला न्हाई. तिला बोलता आला न्हाई तो काढला.”

अण्णांनी वर तक्रार केली. दुभाषी खोटं भाषांतर करतो, गावात भांडणं लावतो, त्याला काढा. चौकशीला एक सरकारी अधिकारी आमच्या शेडमध्ये आले. माणूस सरळ होता, घाईत नव्हता. मास्तर त्यांच्यासमोर सगळ्या गुंड्या लावून ताठ बसले होते. तक्रार खरी ठरली असती तर त्यांची नोकरी जाणार होती, आणि त्यांच्या नावाला बट्टा लागला असता तो निराळाच. त्या नेकनूरच्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर एकच गोष्ट जपली होती, की आपण सांगितलेला शब्द खरा असतो.

अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. “सभेचं तुम्ही लिहून घेत होता ना? काय लिहिलंय वाचा.”

आदल्या संध्याकाळी अण्णा दुकानावर येऊन बाबांकडे सदरा शिवायला टाकून गेले होते. जाता जाता एवढंच म्हणाले होते, “पोरीला सांगा, जे लिहिलं तेवढंच वाच म्हनावं.” बाबांनी ते मला सांगितलं. गाळा अण्णांचा आहे हे सांगायची गरज नव्हती.

मी वही उघडली. वाचलं, “गयाबाई: हो. घेऊ की पानी.”

अण्णा मागे रेलून बसले.

मी वही मिटली आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, “साहेब, मी ऐकलं ते लिहिलं. पण ती बाई बोलता बोलता तीन पावलं मागं सरली. जागेकडं तिनं एकदाही बघितलं नाही. शॉर्टहँडमध्ये मागं सरण्याची खूण नसते, म्हणून ते वहीत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.”

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, पण त्यांची हनुवटी जराशी हलत होती.

अधिकारी म्हणाले, “मग आपण गयाबाईंनाच पुन्हा विचारू.”

“विचारू नका साहेब,” मास्तर पहिल्यांदाच बोलले. “विचारलं तर त्या पुन्हा हो म्हनतील. सगळ्यांच्या पुढ्यात दुसरं काय म्हनतील? त्यांना फकस्त तिथवर चालत या म्हना. घागर घेऊन.”

आम्ही सगळे वाडीला गेलो. साहेब, अधिकारी, अण्णा, मास्तर, मी. पारापाशी जिथं बोअर पाडायचं तिथं चुन्याची खूण होती. गयाबाईंना निरोप गेला. त्या घागर डोक्यावर घेऊन वस्तीकडून आल्या. सरळ चालत आल्या आणि वेशीतल्या लिंबाच्या झाडापाशी थांबल्या. घागर खाली ठेवली. तिथून खूण वीस पावलं होती.

“पुढं या बाई,” अधिकारी म्हणाले.

गयाबाईंनी अण्णांकडे बघितलं. सगळ्यांनीच अण्णांकडे बघितलं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता, “या.” तो उच्चारला असता तर गयाबाई आल्या असत्या, आणि तक्रारही खरी ठरली असती. अण्णा खाली मातीकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हते ते. पण आजूबाजूला अख्खं गाव उभं होतं आणि तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना.

हेंकसाहेबांनी त्या वेळी मास्तरांना काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. ते स्वतः चालत लिंबापाशी गेले, घागर उचलून हातात धरली आणि मग मास्तरांना म्हणाले, “दोन्हीकडच्या बाया कुठं येतील, ते विचारा.”

मास्तरांनी विचारलं. गयाबाईंनी या खेपेला मागं पाऊल घेतलं नाही. हात लांब करून दाखवलं. “वढ्याच्या काठाला, त्या बाबळीपाशी. तिथं कुनाचंच काय न्हाई.”

मग अण्णाच म्हणाले, आवाज उतरलेला होता, “तिथं आमच्या बी बाया येतील. झिऱ्यावर येतातच की. आमच्या घरची बी येती.”

दुष्काळानं तेवढं एक केलं होतं, सगळ्यांना एकाच वाळूत वाकायला लावलं होतं.

साहेबांनी स्पष्ट सांगितलं: तिथं पाणी लागायची आशा कमी आहे. तीन दिवस गाडी थांबेल. कोरडं गेलं तर दुसरं बोअर नाही, गाडी पुढच्या गावाला जाईल. मास्तरांनी ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द मऊ केला नाही. मग विचारलं, तरी तिथंच पाडायचं का?

गावानं हो म्हटलं. वस्तीनंही हो म्हटलं.

साहेबांनी मास्तरांना हळूच विचारलं, “हा कुठला ‘हो’?”

मास्तरांनी डोळे उघडे ठेवून सगळ्यांवरून नजर फिरवली. पुढं सरकलेले लोक, पदर खोचलेल्या बाया. एक म्हातारा तर कुदळ आणायला निघालाही होता. “सर,” ते म्हणाले, “हा ‘हो’ म्हणजे हो.”

तक्रार तिथंच बुडाली. अण्णा तिच्याबद्दल पुढं एक चकार शब्द बोलले नाहीत. बाबांचा गाळाही तसाच राहिला. सदरा शिवून तयार झाला तेव्हा अण्णा स्वतः न्यायला आले आणि बाबांना म्हणाले, “तुमच्या पोरीची नजर लई बारीक हाय.” ते कौतुक होतं की राग, हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेले. “दोन्ही,” मास्तर म्हणाले, “पन कौतुक जरा जास्त. न्हाई तर सदरा गड्याला न्यायला लावला असता.”

पुढं वाडीची पाणी सोसायटी झाली. चेअरमन अण्णाच झाले, त्याला इलाज नव्हता, पण कमिटीवर गयाबाई आल्या आणि पंपाचं हँडल मोडलं की आष्टीला येऊन भांडायच्या त्याच. पहिल्या वेळी आल्या तेव्हा शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “बोलट आज पायजे, उद्या न्हाई.” दोन वर्षांनी हेंकसाहेब आपल्या देशाला गेले. जाताना त्यांनी माझ्यासाठी शिफारसपत्र दिलं आणि त्या पत्रावर मला बीडला सरकारी नोकरी लागली. तीस वर्षं केली. मास्तर नेकनूरला परत गेले. मी बीडहून रविवारच्या एसटीनं त्यांना भेटायला जायची. ओट्यावर बसून ते गावातल्या भावाभावांची भांडणं मिटवत असायचे. “दोघं बी मराठीच बोलतात,” ते मला म्हणायचे, “पन ह्याचं त्याला कळत न्हाई. काम तेच हाय पोरी, फकस्त आता पगार न्हाई.” शेवटी त्या ओट्यावरच, त्यांच्या भाषेत सांगायचं तर नोकरीवर असतानाच, झोपेत गेले.

पण मास्तर आठवले की मला ते ओट्यावरचे आठवत नाहीत. बाभळीपाशी बोअर चाललं होतं त्या तिसऱ्या दिवसाचे आठवतात.

पहिल्या दिवशी शंभर फूट नुसता काळा पाषाण. दुसऱ्या दिवशीही तेच. गाडीच्या हातोड्याचा दणदणाट, आणि भोकातून राखेसारखी भुकटी उडायची. सगळे पांढरे झालो होतो. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरडंच. गाव ओढ्याच्या या काठाला, वस्ती त्या काठाला, मध्ये गाडी. साहेब दर नवा पाइप उतरला की खाली वाकून भुकटी चिमटीत धरायचे आणि मान हलवायचे. अण्णा छत्री मिटून उन्हातच उभे होते. मास्तरांना कुणी काही विचारत नव्हतं. साहेबांना सांगायला काही नव्हतं आणि लोकांना ऐकायचं नव्हतं. गाडी उचलायला दोन तास उरले असतील, तेव्हा फिटर एकदम ओरडला. भुकटीचे गोळे पडायला लागले होते. ओले, शेणासारखे. मग गाळ आला. मग तांबूस चिखल. आणि मग खालून एक घरघर आली आणि पाण्याचा लोट बाभळीच्या शेंड्याएवढा उडाला.

पुढं काय झालं ते क्रमानं सांगता येणार नाही. बाया घागरी घेऊन धावल्या, कुठल्या काठाच्या कुठल्या ते ओळखू येत नव्हतं, सगळ्या चिखलानं सारख्याच माखलेल्या. अण्णांनी फिटरला मिठी मारली. आणि हेंकसाहेब त्या पाण्याखाली उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते. ते इंग्रजी नव्हतं, त्यांची स्वतःची भाषा होती. आम्ही कुणी ती कधी ऐकली नव्हती. ओरडता ओरडता ते रडत होते की हसत होते, पाण्यामुळे दिसत नव्हतं.

गयाबाई भरलेली घागर कमरेवर घेऊन मास्तरांपाशी आल्या. “मास्तर, साहेब काय म्हनायलेत वो?”

मास्तरांनी साहेबांकडे बघितलं.

“ठाव न्हाई माय,” ते म्हणाले. “त्यांच्या घरचं बोलनं हाय ते. म्या कशाला मधी पडू?”

एवढं म्हणून ते बाभळीखालच्या दगडावर बसले आणि दोन्ही काठांचा तो गलका नुसता ऐकत राहिले.